कर नाही, मग रिटर्न कशाला?

रिटर्न भरण्याचे दिवस आले की आमच्या शाखा कार्यालयात निवृत्त साथींची रांग लागते. कोणी गँगमन, कोणी पॉइंट्समन, कोणी दिवंगत खलाशाची पत्नी. हातात पासबुक आणि तोंडी एकच प्रश्न: "कर लागत नाही, मग रिटर्न भरायचे का?"

कर लागणे ही एक गोष्ट आणि रिटर्न भरणे ही दुसरी. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पण रिटर्नची रेषा १२ लाखांवर नाही, ती ४ लाखांवर आहे. इथेच आपले लोक फसतात.

हिशोब पाहू. महिना ३८,००० रुपये पेन्शन, म्हणजे वर्षाचे ४,५६,०००. ठेवींचे व्याज ६०,०००. एकूण ५,१६,०००. त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की उरले ४,४१,०००. कर एक पैसाही नाही, तरी रिटर्न बंधनकारक. चुकले तर उशिराचा भुर्दंड १,००० रुपये. हीच पेन्शन ३०,००० असती तर उत्पन्न ३,४५,००० वर आले असते आणि सहसा सक्ती नसती. मात्र बँकेने व्याजातून कर कापला असेल, तर तो परत मिळवायला रिटर्न भरावेच लागते. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या भगिनींनी ध्यानात ठेवावे, त्यांना ७५,००० ची वजावट नाही. निवृत्तिवेतनाचा एक तृतीयांश किंवा २५,००० यांपैकी जी रक्कम कमी, तेवढीच वजा होते.

सरकारने एप्रिल २०२१ पासून ७५ वर्षांवरील पेन्शनरांना रिटर्नमधून सूट दिली, पण पेन्शन आणि व्याज दोन्ही एकाच बँकेतले असेल तरच. आमच्या साथीने ग्रॅच्युइटीचे पैसे पोस्टाच्या मासिक योजनेत ठेवले की तो या सवलतीतून बाद. आणि साठीला निवृत्त झालेल्याने पंधरा वर्षे वाट पाहायची, हा कुठला न्याय?

काही साथी म्हणतात, रिटर्न आता घरबसल्या भरता येते, त्यात अवघड काय? ज्याला येते त्याने जरूर भरावे. पण ज्याची हयात रुळांवर हातोडा मारण्यात गेली, त्याला शून्य कराच्या कागदासाठी एजंटला पैसे मोजावे लागतात. पेन्शनचा आकडा सरकारकडे आहे, व्याजाचा आकडाही पॅनवर नोंदला जातो. मग तोच हिशोब म्हाताऱ्या माणसाकडून पुन्हा का मागायचा?

आमची मागणी साधी आहे. साठ वर्षांवरील ज्या पेन्शनराचा कर शून्य आहे आणि ज्याला पेन्शन व व्याजाखेरीज उत्पन्न नाही, त्याला रिटर्नमधून मुक्त करा. बँक असो वा पोस्ट, भेद नको.

मागणी मान्य होईपर्यंत कायदा पाळलाच पाहिजे. म्हणून प्रत्येक शाखेने या दिवसांत मदतीचे टेबल मांडावे आणि शिकलेल्या तरुण साथींनी तिथे बसावे. ज्यांनी संघटना उभी केली, त्यांच्यासाठी एवढे करणे आपले कर्तव्य आहे.