विस्मृतीचे राजकारण

नवस्वतंत्र राष्ट्रात सत्ता कोणाच्या हाती गेली हे जसे पाहावे लागते, तसेच स्मृती कोणाच्या ताब्यात राहिली हेही पाहावे लागते. केनियाचा इतिहास याची साक्ष देतो. गोऱ्या मळेवाल्यांनी बळकावलेल्या जमिनीसाठी किकुयू शेतकऱ्यांनी माउ माउ बंड पुकारले. त्यांचा सेनानी देदान किमाथी याला १९५७ साली फाशी देऊन तुरुंगाच्या आवारात निनावी पुरण्यात आले. १९६३ साली देश स्वतंत्र झाला. जोमो केन्याटांनी झाले गेले विसरून जाण्याचा उपदेश केला, आणि परकीय सरकारने माउ माउवर घातलेली बंदी स्वकीयांच्या राज्यात २००३ सालापर्यंत कायम राहिली!

हे औदार्य निर्हेतुक नव्हते. बंड आठवायचे म्हणजे जमिनीचा प्रश्न विचारणे आले. जमीन पैसे मोजून घ्यावी लागली. भूमिहीन कर्जात बुडाले, तर अनेक मोठे मळे नव्या सत्ताधाऱ्यांच्या पदरात पडले. भूमिहीनांची बाजू घेणाऱ्या बिल्दाद कागियांना १९६४ साली सरकारबाहेर पडावे लागले. बंदिछावणी भोगलेल्या जे. एम. कारिउकींचा १९७५ साली खून झाला.

२००७ साली नैरोबीत किमाथीचा पुतळा उभा राहिला. २०१३ साली ब्रिटनने ५,२२८ पीडितांना भरपाई देण्याचे मान्य केले. दोन्ही गोष्टी स्वागतार्हच. परंतु पुतळा मागणी करीत नाही, म्हणून तो राज्यकर्त्यांना परवडतो. हुतात्म्यांना हार घालणाऱ्या सरकारला एकच प्रश्न विचारला पाहिजे: ज्या जमिनीसाठी ते मेले, ती आज कोणाच्या नावावर आहे?