दारूगोळ्याची मागणी वाढती, निर्माणी वसाहतींचा भरवसा मात्र चार वर्षांचा

देशाची संरक्षण निर्यात २०१३-१४ या आर्थिक वर्षात ६८६ कोटी रुपये होती. २०२४-२५ मध्ये ती २३ हजार ६२२ कोटी रुपयांवर पोहोचली. शासकीय निवेदनांमध्ये हे दोन आकडे सहसा शेजारी-शेजारी दिले जातात आणि ही वाढ लक्षणीय आहे, याविषयी दुमत नाही. तथापि, भारतातील शस्त्रनिर्मिती उद्योगाने दारूगोळ्याबरोबरच गावेही वसवली आणि हजारो कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या स्थैर्य दिले. निर्यातीच्या आलेखात या बाजूचा हिशेब येत नाही.

कोलकात्यानजीक काशीपूर येथे १८०१ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना स्थापन झाला. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना उभा राहिला. १९६२ च्या चीन युद्धानंतर सीमेपासून दूर, मध्य भारतात नव्या आयुध निर्माणी उभारण्यावर भर देण्यात आला. भंडारा, वरणगाव, अंबाझरी व चांदा येथील निर्माणी त्याच काळातील आहेत. जबलपूरमध्ये तर अशा चार निर्माणी असून, लष्कराचा ‘शक्तिमान’ ट्रक याच शहरात तयार होत असे.

निर्माणीबरोबर वसाहत येई. निवासस्थाने, रुग्णालय, केंद्रीय विद्यालय, मैदान, बाजार आणि साऱ्या परिसराला वेळ सांगणारा भोंगा. भंडाऱ्याजवळचे जवाहरनगर हे त्याचे ठळक उदाहरण. बंगाली, तेलुगू, हिंदी व मराठी भाषक कुटुंबे एकाच गल्लीत राहत. वडील निवृत्त होण्याच्या सुमारास मुलगा आयटीआय उत्तीर्ण होऊन प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल होई आणि पुढे त्याच प्रवेशद्वारातून कामावर जाऊ लागे. परिसरातील शेतकरी व भूमिहीन कुटुंबांच्या दृष्टीने हाच प्रतिष्ठेचा आणि निवृत्तिवेतनाचा मार्ग होता.

ही व्यवस्था निर्दोष होती, असे म्हणता येणार नाही. उत्पादनातील विलंब, वाढीव खर्च आणि दारूगोळ्याचा दर्जा यांवर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी वेळोवेळी ताशेरे ओढले. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीसह अनेक समित्यांनी निर्माणींना कंपनीचे स्वरूप देण्याची शिफारस केली होती. कामगार संघटनांच्या विरोधामुळे हा निर्णय अनेक वर्षे लांबणीवर पडत गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये या प्रश्नावर देशव्यापी संपही झाला.

अखेर १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून त्याच्या ४१ निर्माणी सात सार्वजनिक कंपन्यांमध्ये विभागण्यात आल्या. त्यापूर्वी, जून महिन्यात अध्यादेशाद्वारे आणि ऑगस्टमध्ये संसदेच्या कायद्याद्वारे संरक्षण उत्पादनातील संपावर बंदीची तरतूद करण्यात आली होती. विजयादशमीला, १५ ऑक्टोबर रोजी, या कंपन्या राष्ट्राला समर्पित झाल्या. शस्त्रपूजनाचा मुहूर्त साधला गेला. ज्यांच्या नोकरीचे स्वरूप बदलणार होते, त्यांना मात्र त्याविरुद्ध संप करण्याची मुभा उरली नव्हती.

सुमारे ७० हजार कर्मचाऱ्यांना प्रारंभी दोन वर्षांसाठी प्रतिनियुक्तीवर मानण्यात आले आणि नंतर ही मुदत वाढवण्यात आली. त्यांच्या सेवाशर्ती कायम राहिल्या. खरा बदल नव्या भरतीत दिसून येतो. दारूगोळ्याचे उत्पादन ज्या कंपनीकडे आले, त्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय पुण्यात असून तिच्या १२ निर्माणींपैकी सहा महाराष्ट्रात आहेत. त्यांपैकी काही निर्माणींच्या अलीकडच्या जाहिरातींत ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ हे पद मुदतीच्या कंत्राटावर भरण्यात आले. प्रारंभी एक वर्ष आणि फार तर चार वर्षे. ज्या इमारतीत स्फोटके हाताळली जातात, तिला कारखान्याच्या परिभाषेत ‘डेंजर बिल्डिंग’ म्हणतात. धोका पूर्वीइतकाच राहिला, त्याच्या बदल्यात मिळणारी शाश्वती तेवढी आखडली.

चार वर्षांचा हा आकडा संरक्षण व्यवस्थेला अपरिचित नाही. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार सैनिक चार वर्षांसाठी भरती होतात आणि त्यांपैकी कमाल २५ टक्क्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याची तरतूद त्या वेळी करण्यात आली. सैन्याचे सरासरी वय कमी व्हावे, हा शासनाचा युक्तिवाद असून निवृत्तिवेतनावरील वाढता खर्चही सर्वज्ञात आहे. परंतु साताऱ्यातील अपशिंगे किंवा उत्तर प्रदेशातील गहमर यांसारख्या गावांमध्ये लष्करी नोकरी म्हणजे घर बांधण्याचा, मुलांना शिकवण्याचा आणि वृद्धापकाळाचा आधार होता. तोफगोळा भरणारा आणि तो डागणारा, दोघांच्याही घरी आता एकच गणित मांडले जाते : चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी पुढे काय?

कामगारांच्या सुरक्षिततेचाही यात भाग आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या निर्माणीत झालेल्या स्फोटात आठ कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. त्याआधी १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगाव परिसरातील एका खासगी स्फोटक कारखान्यात नऊ कामगार मृत्युमुखी पडले. या घटनांचा कंत्राटी भरतीशी थेट संबंध जोडता येणार नाही. मात्र स्फोटके हाताळण्याचे कौशल्य बरेचसे अनुभवी सहकाऱ्याच्या शेजारी उभे राहून आत्मसात होते, आणि ते अंगवळणी पडण्यास वर्षे लागतात.

२०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून १५५ मिलिमीटर तोफगोळ्यांना जगभर मागणी आहे. विदर्भातील एखाद्या वसाहतीत ओव्हरटाइम मिळणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्या मागणीवर ठरते. पूर्वी मागणी घटली तरी कायम कामगाराची नोकरी टिकत असे. मुदतीच्या कामगाराला मात्र मागणी ओसरण्यापूर्वीच प्रवेशपत्र परत करावे लागू शकते.