चांदीच्या नाण्यावरील टोनिंग : बदल कोणता, हानी कोणती

चांदीचे नाणे वर्षानुवर्षे हवेत राहिले की त्याच्या पृष्ठावर प्रथम पिवळसर, मग तांबूस, निळसर आणि अखेरीस काळपट छटा चढते. संग्राहकांच्या बोलीत तिला ‘टोनिंग’ म्हणतात. हवेतील हायड्रोजन सल्फाइडसारखी गंधकयुक्त संयुगे ओलाव्याच्या साहाय्याने चांदीशी संयोग पावतात, त्यातून सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि त्या थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींचे व्यतिकरण होऊन, म्हणजे त्या एकमेकींत मिसळल्याने काही रंग उठून दिसून व काही लोपून, या छटा उमटतात. हा बदल नाण्याची हानी समजावा काय, याविषयी संग्राहकांत दोन तट आहेत.

हानी मानणाऱ्यांचा पूर्वपक्ष दुबळा नाही आणि तो पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. त्यांचे पहिले म्हणणे असे की, सिल्व्हर सल्फाइड हा क्षरणाचाच परिणाम असून ज्या धातूचे क्षरण झाले त्याची हानी झाली, हे निर्विवाद आहे. दुसरे असे की, नाणे टाकसाळीतून शुभ्र व चकचकीत बाहेर पडले, तेच त्याचे मूळ रूप आणि त्या रूपाकडे त्याला परत नेणे हे संग्राहकाचे कर्तव्य आहे. तिसरे असे की, टोनिंगखाली बारीक ओरखडे झाकले जातात व ते कृत्रिम रीतीनेही चढवता येते, म्हणून त्याला दोष ठरवल्याखेरीज खरेदीदाराचे रक्षण होणार नाही.

पहिल्या युक्तिवादात अतिव्याप्तीचा दोष आहे. म्हणजे लक्षण इतके सैल बांधले आहे की, जे वगळायचे तेही त्यात शिरते. कोणताही रासायनिक बदल हानी ठरत असेल, तर हवेचा स्पर्श झालेले चांदीचे वा तांब्याचे एकही नाणे निर्दोष उरणार नाही, आणि जे लक्षण सर्वांनाच लागू पडते त्याने कशाचीच निवड होत नाही. प्रश्न बदल झाला की नाही हा नसून त्यात काय गेले हा आहे. ब्रिटिश अमलातील, राणी व्हिक्टोरियाच्या छापाच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम व त्यातील चांदी ९१.७ टक्के असे. सुमारे ३० मिलिमीटर व्यासाच्या या नाण्याच्या दोन्ही बाजूंवर ५० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाइतक्या, जाडीचा थर धरला, तर त्यात गुंतलेली चांदी अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास भरते. १९०६ च्या नाणे कायद्याने मात्र वापरातल्या झिजेपोटी दोन टक्के, म्हणजे २३० मिलिग्रॅमहून अधिक, घट चालवून घेतली होती. वजन हाच एकमेव निकष नव्हे हे खरे; पण असा पातळ थर पृष्ठाच्या उंचसखलपणाला धरून वाढतो, त्यामुळे त्याखाली राणीच्या मुकुटाची नक्षी व अक्षरांच्या कडा जशाच्या तशा दिसतात.

दुसऱ्या युक्तिवादाचा पाया असा की, मूळ रूप परत आणता येते. हा पायाच खरा नाही. छाप उमटवताना ठशाच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठावर सूक्ष्म प्रवाहरेषा उमटतात. न वापरलेला रुपया दिव्याखाली फिरवला असता त्यावरून जो प्रकाशाचा पट्टा सरकत जातो, तो या रेषांमुळे. टोनिंग काढण्यासाठी नाणे आम्लयुक्त थायोयुरियाच्या द्रावणात बुडवले की सल्फाइडचा थर विरघळतो. पण त्या थरातली चांदी पूर्वी पृष्ठाचाच भाग होती, म्हणून ती गेली की प्रवाहरेषांचा माथाही जातो आणि दोन-चार वेळा बुडवलेले नाणे पांढरे असूनही निर्जीव दिसू लागते. घासण्याची गोष्ट तर याहून वाईट. महाराष्ट्रात शिवराई हे जुने तांब्याचे नाणे हाती आले की ते चिंचेने वा राखेने लख्ख करण्याची जी सवय आजही आढळते, तिने तांब्यावरचा तपकिरी संरक्षक थर निघून जातो, अंगावर ओरखडे उठतात आणि ज्या गडद-फिकट भेदामुळे ‘श्री राजा शिव’ ही झिजलेली अक्षरे वाचता येत होती, तो भेदच पुसला जातो. टोनिंगला हानी म्हणणारे मत प्रत्यक्षात अशा भरून न येणाऱ्या हानीला आमंत्रण देते.

तिसऱ्या युक्तिवादातील भीती खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. खोट्या दस्तऐवजांमुळे खरे दस्तऐवज रद्द होत नाहीत. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात स्थापन झालेल्या पीसीजीएस व एनजीसी या प्रतवारी संस्था नैसर्गिक टोनिंग असलेल्या नाण्याला नेहमीप्रमाणे श्रेणी देतात, मात्र कृत्रिम रंगाच्या नाण्याला निर्दोष नाण्याची श्रेणी नाकारतात. हा भेद करणे अवघड असले तरी अशक्य नाही. नैसर्गिक थर हळूहळू जाड होतो, म्हणून त्यातील रंग पिवळा, तांबूस, निळा अशा क्रमाने एकमेकांत मिसळत जातात. उष्णतेने वा गंधकाच्या द्रावणाने घाईत चढवलेल्या रंगात हा क्रम बहुधा तुटलेला असतो. एक हजार नाण्यांच्या कापडी पिशव्यांत दशकानुदशके पडून राहिलेल्या मॉर्गन डॉलर या अमेरिकी चांदीच्या नाण्यांपैकी काहींच्या टोनिंगमध्ये त्या कापडाची वीणही उमटलेली दिसते. अशा ठिकाणी रंग हा नाण्याच्या साठवणुकीचा पुरावा ठरतो आणि तो पुसणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय.

यावरून सिद्धान्त असा निघतो : टाकसाळीने नाण्याला जे दिले, म्हणजे उठाव, लेख आणि पृष्ठाचा पोत, त्यातील काही परत न येण्याजोगे गेले तर हानी, एरवी तो केवळ बदल. हा निकष दोन्ही बाजूंना बांधणारा आहे. थर जाड, अपारदर्शक व काळा होऊन त्याखालची झळाळीच मेली असेल, तर ती हानीच होय. तांब्याच्या व कांस्याच्या नाण्यांत क्लोराइड व ओलावा यांच्या संयोगाने हिरवी भुकटी सुटते आणि धातू आतून पोखरला जातो, तीही निःसंशय हानी असून तिच्यावर तातडीने उपचार करणे आवश्यक आहे. उलट, केवळ इंद्रधनुषी रंगासाठी झिजलेल्या नाण्याला अवाच्या सवा किंमत देणारेही रंगालाच नाण्याहून मोठे मानतात आणि बनावट टोनिंगच्या धंद्याला खतपाणी घालतात.

म्हणून सूचीकारांनी टोनिंगची नोंद दोषांच्या रकान्यात न करता वर्णनाच्या रकान्यात करावी. त्याचा रंग, पारदर्शकता व व्याप्ती स्वतंत्रपणे सांगावी. संग्राहकांनी नाणी रबर, लोकर, निकृष्ट पुठ्ठा व पीव्हीसीची पाकिटे यांपासून दूर, कोरड्या जागी व रासायनिक दृष्ट्या निष्क्रिय आवरणात ठेवावीत, म्हणजे थराची वाढ मंदावते. आणि स्थिर, पारदर्शक टोनिंग असलेल्या नाण्याला स्वच्छतेच्या नावाखाली कोणीही हात लावू नये. कारण राखलेला रंग पुढे कधीही काढता येईल, पण काढलेले पृष्ठ कोणालाही परत बसवता येणार नाही.