जीपला ऑइल कूलर : गरज की नुसता शौक?

खंडाळ्याहून साताऱ्याकडे निघाले की लगेच खंबाटकीचा घाट लागतो. उन्हाळ्यात या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. 2020 साली नवी थार बाजारात आली तेव्हापासून आमच्या व्यापारी घरांतील पोरांनाही डोंगरात गाडी घालण्याचा शौक लागला. मागच्या महिन्यात पुतण्याने विचारले, "चाचा, वेगळा ऑइल कूलर बसवू का? दुकानदार म्हणतो, डोंगरात चालवायची तर पाहिजेच."

मी कापडाचा व्यापारी, मिस्त्री नव्हे. पण या कूलरचा तजुर्बा मी पैसे मोजून घेतला आहे, म्हणून लिहितो.

1998 साली आमच्याकडे जुनी डिझेल जीप होती. कापडाच्या गाठी भरून घाट चढायचा आणि सुरूर फाट्यावरून वाईला जायचे, हा आमचा रिवाज. घाटात काटा लाल खुणेकडे सरकू लागला. एका गॅरेजवाल्याने सल्ला दिला, पुढे ऑइल कूलर लावा. लावला. तीन महिन्यांनी त्याचा रबरी पाईप घाटातच फुटला. ड्रायव्हरच्या लक्षात येईपर्यंत ऑइल रस्त्यावर सांडून बेअरिंग गेले, इंजिन जाम झाले. ईदच्या हंगामाची सारी कमाई इंजिन बांधण्यात गेली. दुसऱ्या मिस्त्रीने रेडिएटर उतरवून दाखवला, तर आतून गाळाने निम्मा बंद आणि बाहेरून जाळीत गवताची कुसळे. दुखणे पाण्याचे होते, इलाज ऑइलचा केला होता. फाटक्या सदऱ्याला जरीची किनार लावण्याचाच हा प्रकार.

आता मुद्दा समजून घ्यावा. ऑइल नुसते वंगण नाही. पिस्टनच्या खालची, बेअरिंगची आणि टर्बोची उष्णता तेच वाहून नेते. इंजिन तापल्यावर ते 100 ते 110 अंशांवर असणे चांगलेच, कारण त्यात शिरलेली पाण्याची वाफ उडून जाते. 130 च्या वर मात्र ते पातळ होऊन लवकर खराब होते. साधारण दर 10 अंशांना खराब होण्याचा वेग दुप्पट धरतात. उलट ऑइल फार थंड राहिले तर ओल आत साचून काळा चिकट गाळ धरतो. म्हणून थर्मोस्टॅट नसलेला कूलर महाबळेश्वरच्या थंडीत फायद्याऐवजी नुकसानच करील.

डोंगरात गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगते. इंजिन जोरात फिरते, पण समोरून वारा मिळत नाही. अशा वेळी पुढे लावलेल्या कूलरला हवा कोण देणार? जी हवा येते ती रेडिएटरचा पंखाच ओढतो, आणि कूलर रेडिएटरच्या पुढे बसला तर त्याच हवेत वाटेकरी होतो. शिवाय दगडाला घासून पाईप फुटण्याची भीती वेगळीच.

कूलर निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात पाणीच नसते, तिथे तो कामाचा. 2016 साली आलेल्या रॉयल एनफिल्डच्या हिमालयन मोटारसायकलला तो कंपनीनेच दिला होता. बऱ्याच टर्बो डिझेल इंजिनांत ऑइल फिल्टरजवळ पाण्यावर चालणारा छोटा कूलर कारखान्यातूनच बसवलेला असतो. तो असेल तर दुसरा कशाला? ज्याला रोज भरलेली ट्रॉली ओढून चढ चढायचा आहे, त्याने जरूर विचार करावा.

पुतण्याला मी आधी ऑइलच्या उष्णतेचा काटा बसवायला सांगितले. वॉरंटीचा कागद वाचून, कंपनीच्या माणसाला विचारून. त्याने तो बसवला. चार माणसे आणि सामान घेऊन भर दुपारी घाट चढला, वरती मांढरदेवीच्या वाटेलाही जाऊन आला. काटा 115 च्या पुढे गेला नाही. कूलरचे पैसे त्याने रेडिएटर धुण्यात, नवा फॅन बेल्ट आणि चांगले ऑइल घेण्यात घातले. उरलेल्या पैशांचे काय केले, ते मी विचारले नाही.