पेडण्याला ‘म’ कुठून आला?

मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन 2022 मध्ये झालं, तेव्हापासून ‘पेरनेम’ जास्तच ऐकू येतं. कोकणीतलं ‘पेडणें’ पोर्तुगिजांनी लिहिलं ते ‘ड’च्या जागी ‘र’ घालून, आणि शेवटच्या अनुस्वारासाठी एम लावून. त्यांचा तो एम नाकातला, ओठ मिटत नाहीत. शिवोलीचं स्पेलिंग तसंच. आपण इंग्रजीसारखं वाचतो आणि ओठ मिटतो!

डिचोलीला कोकणीत दिवचल म्हणतात. तरी ‘बिचोलिम’ हे तुम्हा कॅथलिकांचं नाव, असं मला ऐकवलं जातं. अहो, आमच्या घरी आजीसुद्धा दिवचलच म्हणते.

स्पेलिंग बदला असं मी म्हणत नाही, जुनी दप्तरं शोधताना ते लागतंच. पण मराठी बोलताना, निदान बसमध्ये आणि वर्गात, ‘बिचोलिम’ कशाला?