मनकवडे, जाणते आणि आपण

दुसऱ्याच्या मनातले ओळखणारा, हरवलेली वस्तू कुठे आहे ते सांगणारा, आजाराचे 'कारण' डोळे मिटून पाहणारा मनुष्य खरा असतो काय? आमच्या ऊर्जानगरात हा विषय निघाला की हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, 'सारे थोतांड!' दुसरा म्हणतो, 'अहो, मला आलेला अनुभव खोटा कसा?' माझ्या मते दोघेही घाई करतात. 'खरा' या शब्दात येथे दोन प्रश्न दडलेले आहेत. तो माणूस प्रामाणिक आहे काय, हा एक. आणि त्याची शक्ती खरी आहे काय, हा दुसरा.

पहिल्या अर्थाने कित्येक जाणते खरे असतात. आपल्याला दिसते, असे त्यांना मनापासून वाटते. समोरच्याचा चेहरा, आवाज, कपडे न्याहाळण्याची सवय इतकी अंगवळणी पडते, की त्यांना स्वतःलाच ती दैवी देणगी वाटू लागते. आमच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत येऊन कोणी म्हणाले, 'बदलीची काळजी दिसते, घरात कुणाला तरी खोकल्याचा त्रास आहे,' तर ते कोणत्या क्वार्टरात लागू पडणार नाही? शिवाय बरोबर आलेले आपण दहा जणांना सांगतो आणि चुकलेले लगेच विसरून जातो.

परंतु प्रामाणिकपणा म्हणजे शक्ती नव्हे. शक्तीचा निवाडा परीक्षेनेच व्हायला हवा. श्रीलंकेत डॉ. अब्राहम कोवूर यांनी १९६३ साली असे सामर्थ्य सिद्ध करणाऱ्यास एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. १९७८ मध्ये ते वारले, तोपर्यंत ते कोणालाही जिंकता आले नाही. आपल्या नागपुरात जानेवारी २०२३ मध्ये श्याम मानव यांच्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अशाच एका मनकवड्या महाराजांपुढे तीस लाखांचे आव्हान ठेवले. ती परीक्षा नागपुरात झालीच नाही.

परीक्षा कशी घ्यावी, याचा नमुना पुण्याने घालून दिला आहे. विषय ज्योतिषाचा होता. पण दावा तपासण्याची रीत तीच. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर प्रभृतींनी २००८ साली शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि कोणती कुंडली हुशार मुलाची, ते ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली. सरासरी शेकडा ४६ बरोबर निघाली. नाणे उडवून उत्तर दिले असते, तरी शेकडा ५० बरोबर आली असती!

कोणी म्हणेल, 'जाऊ द्या, कुणाला त्यात समाधान मिळते तर मिळू द्या.' दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात मीही कदाचित हेच म्हटले असते. पण आपल्या भागात 'दिसणारे' केवळ हरवलेली अंगठी सांगून थांबत नाहीत. करणी कोणी केली, तेही सांगतात. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री व एक पुरुष यांना जाळून मारण्यात आले. अशा संशयाला पुरावा लागत नाही. कुणाला तरी 'दिसले' एवढे पुरते. दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला. पण कायदा येतो गुन्ह्यामागून. विश्वास त्याच्या पुष्कळ आधी, आपल्या गप्पांतून, ओसरीवरून सुरू झालेला असतो.

म्हणून मित्रहो, कोणाच्या श्रद्धेची टिंगल करण्याचे कारण नाही. आपण एवढेच करावे: जाणत्याने सांगितलेले आधी कागदावर लिहून घ्यावे, आणि बरोबर किती व चूक किती, दोन्ही मोजावे. आणि तो कोणाचे नाव घेऊ लागला, तर आपण तेथेच उठून 'पुरावा काय?' असे विचारावे. असे विचारणारा एक जण वेळेवर उभा राहिला, तर कुणाचा तरी जीव वाचेल. पदवीच्या कागदापेक्षा ते शिक्षण मला मोठे वाटते.