सूज उतरली, म्हणजे आजार बरा झाला का?

जिवतीच्या डोंगराळ भागात कापसाच्या शेतात पायात काटा मोडतो, पाय सुजतो. मग कोणीतरी डेक्सामेथासोनची सुई टोचतो. दुसऱ्या दिवशी सूज आणि ठणका कमी! रुग्ण म्हणतो, "डॉक्टरांच्या हाताला गुण आहे." मी म्हणतो, ही फसवणूक आहे.

मुळात सूज का येते? काटा रुतलेल्या जागी रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांचे आतले अस्तर चिकट होते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यावर आधी घरंगळतात, मग चिकटतात आणि अस्तरातल्या फटींतून अंग चोरून बाहेर पडतात, जंतूंना गिळतात. युलियस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकावरील प्रयोगांतून पेशींचे हे बाहेर पडणे दाखवले.

स्टिरॉइड हे चिकटणेच रोखते. पेशी रक्तातच अडकतात. तपासणीत त्यांचा आकडा वाढलेला दिसतो, पण जखमेपाशी पुरेसे सैन्य पोहोचत नाही. सूज उतरते, जंतूंना मात्र रान मोकळे मिळते.

दम्याच्या तीव्र झटक्यात स्टिरॉइड जीव वाचवते. माझा राग औषधावर नाही, जखम न तपासता ते टोचण्यावर आहे. काटा काढून घ्या, जखम धुवा, धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारा. आणि दर वेळी हेही विचारा : "या सुईत काय आहे?"